ऑक्टोबरभर भयपट : रोज एक सिनेमा, रोज गुण

रातवा | १ ऑक्टोबर २०२४, रात्री ११:४०

न्यू जर्सीला येऊन मला नऊ वर्षं झाली. इथल्या बारा महिन्यांत ऑक्टोबर माझा सर्वांत आवडता. मेपलची पानं लाल होऊन गळायला लागतात, शेजाऱ्यांच्या अंगणात सांगाडे आणि हातभर लांबीचे कापडी कोळी टांगलेले असतात, दुकानांच्या दारात भोपळ्यांचे ढीग लागतात. हॅलोविन, म्हणजे भुताखेतांचे वेष घालून मुलं दारोदार खाऊ मागतात तो सण, ३१ तारखेला, पण त्याची हवा महिनाभर असते. इथे कितीतरी लोक या महिन्यात ३१ दिवस ३१ भयपट बघतात. गेली चार वर्षं मीही बघतोय आणि वहीत दहापैकी गुण लिहून ठेवतोय. या वर्षी ते सगळ्यांसोबत करावं म्हणून हा धागा.

रोजच बघायला हवा असं काही नाही. जमेल तसं बघा आणि लिहा. एक नियम मात्र मी मनापासून पाळतो : गुण रात्री द्यायचे नाहीत. सकाळी चहा झाला की द्यायचे. पहिल्या वर्षी सिनेमा संपल्या संपल्या गुण लिहायचो. वर्षभराने वही उघडली तर नऊ मिळालेल्या दोन सिनेमांतलं एकही दृश्य आठवेना. आणि ज्याला साडेपाच दिले होते त्या 'द हॉन्टिंग'मुळे (१९६३) मी अजूनही कधीकधी रात्री उठून तळघराच्या दाराची कडी बघून येतो.

आज पहिला दिवस, म्हणून 'नोस्फेराटू' (१९२२). आत्ताच संपला. गुण उद्या.

उंबरा | २ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

रातवा, धागा आवडला. पण गुणांबद्दल मला खरी शंका आहे. शंभर वर्षांपूर्वीचा मूकपट आणि गेल्या वर्षीचा सिनेमा एकाच पट्टीवर कसे मोजायचे? आणि भीती सिनेमाची जेवढी, तेवढीच बघण्याच्या जागेची. 'भूत' (२००३) मी नाशिकला दुपारच्या खेळाला बघितला. मागे कॉलेजच्या मुलांचा घोळका होता, पडद्यावर जरा शांतता झाली की ते मुद्दाम ओरडायचे. सिनेमा वाया गेला. दोन वर्षांनी मुंबईत मित्राच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटा होतो, तेव्हा टीव्हीवर लागला. तो घडतो अशाच उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये. लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबल्याचा आवाज आला आणि मी टीव्ही बंद केला. आता याला तीन द्यायचे की नऊ?

माजघर | २ ऑक्टोबर, दुपारी २:३०

चिपळूणहून लिहितेय. आमच्याकडे हॅलोविन नाही, आज सर्वपित्री आहे. कावळ्याचं पान ठेवून, सगळ्यांची जेवणं उरकून आत्ता बसले.

उंबरा यांचा प्रश्न मला पटला, पण गुण सोडू नका. फक्त एकाऐवजी तीन द्या. माझी आजी नुसतं 'भीती' फारसं म्हणायची नाही. मांजराने अंधारातून पायावर उडी मारली तर तो दचका. संध्याकाळी वहाळापलीकडे जायचं असलं की दुपारपासून पोटात गोळा येतो, ती धास्ती. आणि एकदा काही दिसल्यावर माणूस ती वाट कायमची सोडतो, त्याने घेतला तो धसका. दचका त्या क्षणाचा, धास्ती आधीची, धसका नंतरचा. नुसते दचके देणारा सिनेमा आणि धसका बसवणारा सिनेमा एका आकड्यात घातले की दोघांवरही अन्याय होतो.

रातवा | २ ऑक्टोबर, सायंकाळी ५:५०

माजघर, चार वर्षं वहीत मला हेच करायचं होतं, शब्द सापडत नव्हते. आजपासून तीन रकाने. दचका आणि धास्ती रात्री लिहिली तरी चालेल, धसका सकाळीच.

'नोस्फेराटू' : दचका १, धास्ती ७, धसका ८.

ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'वरून परवानगी न घेता केलेला हा सिनेमा. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि जर्मन न्यायालयाने सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. देशाबाहेर गेलेल्या प्रती वाचल्या, म्हणून आपण तो बघू शकतो. उन्हाने व्हॅम्पायर नष्ट होतो ही कल्पनाही इथलीच. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या फिरतो. बघणार असाल तर रंगछटा असलेली, दुरुस्त केलेली प्रत शोधा. रात्रीचे प्रसंग उन्हात चित्रित करून ती फिल्म निळी रंगवली होती. नुसती काळी-पांढरी प्रत लावलीत तर काउंट, म्हणजे यातला व्हॅम्पायर, शवपेटी काखोटीला मारून भर दुपारी गावातून चालल्यासारखा दिसतो आणि सगळा परिणाम जातो. निळ्या प्रतीत ते ओसाड रस्ते बघताना मला कॉलऱ्याच्या साथीत गाव सोडून गेलेल्या माणसांच्या गोष्टी आठवल्या, पणजोबांकडून घरात आलेल्या. काउंटबरोबर जहाजातून उंदीर येतात आणि शहरात प्लेग पसरतो. माझ्या आठ गुणांतले पाच त्या प्लेगचे.

'द हॉन्टिंग'चे साडेपाच खोडले. नवे : दचका ३, धास्ती ९, धसका १०. पूर्ण सिनेमात भूत एकदाही दिसत नाही. एक बंद, जाडजूड लाकडी दार आहे, बाहेरून कोणीतरी रेटावं तसं ते आतल्या बाजूला फुगतं. एवढंच.

दक्षिणायन | ५ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

मेलबर्नहून नमस्कार. आमच्याकडे ऑक्टोबर म्हणजे वसंत. उद्या घड्याळं तासभर पुढे जातील, मग साडेसातपर्यंत उजेड. कुंपणावर जाई फुललीय आणि मी पडदे ओढून अंधार करतेय. त्यामुळे माझे भयपट जून-जुलैत, पाचलाच काळोख होतो तेव्हा. तरी यंदा तुमच्याबरोबर आठवड्याला एक बघीन.

'रिंगू' (१९९८, जपानी) बघितला. दचका ४, धास्ती ९, धसका ९. शेवटाजवळ त्यातली भुताची बाई चालत येते ते चित्रण त्यांनी उलटं केलंय. नटी मागे मागे चालत गेली आणि फिल्म उलटी चालवली. म्हणून पाय पुढे पडतात, पण अंगाचा तोल पुढे येणाऱ्या माणसाचा वाटत नाही. काय खटकतंय ते डोळ्यांना सांगता येत नाही, पण खटकतं. लहानपणी साताऱ्याला हडळीचे पाय उलटे असतात असं ऐकलेलं, आणि मी ते चित्रासारखं नजरेसमोर आणायचे, टाचा पुढे वगैरे. ती चालेल कशी याचा विचार कधी केला नव्हता. ती अशी चालेल.

मुखडा | ६ ऑक्टोबर, रात्री १०:२०

भयपटांच्या गुणांत आवाजाचा रकाना नाही याचं मला नवल वाटतंय. मी तबला शिकवतो, त्यामुळे आधी कानाने बघतो.

दिग्दर्शक जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोविन'ची (१९७८) धून घ्या. पियानोवर एकच छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. मोजला तर दहा मात्रांचा. दहा म्हटल्यावर आपला हात झपतालाकडे जातो, २-३-२-३. पण ही विभागणी ३-३-२-२ आहे. पहिल्या सहा मात्रा ऐसपैस चालतात, मग चार मात्रांत दोन पावलं घाईने पडतात आणि पुन्हा सम. कोणीतरी मागून चालतंय आणि दर आवर्तनात थोडं अंतर कापतंय, असं कानाला वाटत राहतं. हा पाचाचा ठेका (दोन-दोन मात्रा एक धरल्या की दहाचे पाच) कार्पेंटरला त्याच्या संगीतकार वडिलांनी लहानपणी बोंगोवर शिकवला होता. सिनेमाचं संगीतही त्यानेच केलं. त्यानेच सांगितलेली गोष्ट आहे : संगीत आणि ध्वनिपरिणाम घालण्याआधी त्याने सिनेमा एका स्टुडिओतल्या तरुण अधिकारी बाईंना दाखवला, त्या जराही घाबरल्या नाहीत. मग त्याने ठरवलं की हा सिनेमा संगीताने वाचवायचा.

एक प्रयोग करा. आवडता भयपट दहा मिनिटं आवाज बंद करून बघा, मग तोच भाग डोळे मिटून ऐका. माझ्या घरी मुलगा पहिल्या वेळी जांभया देत होता, दुसऱ्या वेळी त्याने माझा हात धरला.

रातवा | ७ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

मुखडा, ३-३-२-२ वाचल्यापासून ती धून डोक्यातून जात नाहीये. 'हॅलोविन' मी ३१ तारखेसाठी राखून ठेवलाय. आवाजाचा चौथा रकाना मान्य.

आठवड्याचा हिशोब थोडक्यात. 'द कॉन्जुरिंग' (२०१३) : दचका ९, धास्ती ७, धसका ४, आवाज ८. काळोखातून टाळी वाजते तेव्हा मी सोफ्यावरून उडालो, पण सकाळी ऑफिसला जाताना सिनेमाची आठवणही नव्हती. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) : ५, ८, ९, ५. हा कोणीही मोफत आणि कायदेशीर बघू शकतो, कारण प्रदर्शनाच्या वेळी नाव बदलताना त्यावरची कॉपीराइटची सूचना गळून गेली आणि सिनेमा सगळ्यांचा झाला. जॉर्ज रोमेरोने तो पिट्सबर्गच्या आसपास तुटपुंज्या पैशात केला. त्यात उठून माणसांवर चालून येणाऱ्या मढ्यांना आज जग झोम्बी म्हणतं, पण तो शब्द सिनेमात एकदाही येत नाही. माझा धसका मढ्यांचा नाही. घरात अडकलेली माणसं तळघरात जायचं की वर थांबायचं यावर भांडत राहतात, ते भांडण मला झोपेत ऐकू येत होतं. आणि नायक डुएन जोन्स, १९६८ च्या अमेरिकेत काळा नायक, त्याच्या वाट्याला जो शेवट येतो तो मी इथे लिहिणार नाही. बघा.

माजघर | ९ ऑक्टोबर, रात्री ९:४५

'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) बघितला. भाच्याने लावून दिला. पहिला अर्धा तास कंटाळले, कॅमेरा हलून हलून डोकं दुखायला लागलं. मग ती तीन मुलं दिवसभर रानातून एकाच दिशेने चालतात आणि संध्याकाळी पुन्हा त्याच ओंडक्यापाशी येतात, तिथे मी उठून बसले. अहो, हा तर चकवा! आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. ओळखीच्या रानात वाट चुकते, माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे कळतं की आपण एकाच झाडाला फेऱ्या मारतोय. माझ्या चुलत्यांना एकदा लागला होता, परशुरामच्या घाटाखाली. चकवा लागला की थांबावं, बसावं, उजाडू द्यावं, असं ते सांगायचे. त्या मुलांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

दचका २, धास्ती १०, धसका ९. आवाजाला १०, रात्री तंबूबाहेर लांबून येणारे आवाज फार वाईट आहेत.

रातवा | ९ ऑक्टोबर, दुपारी १:१०

माजघर, इथे अजून दुपारच आहे, तरी चकव्याचं वाचून अंगावर काटा आला. तो सिनेमा मेरीलँडमध्ये आठ दिवसांत चित्रित झाला, तोही ऑक्टोबरमध्येच, १९९७ साली. कॅमेरे नटांच्याच हातात होते. दिग्दर्शक लांबून त्यांना चिठ्ठ्या ठेवायचे, आणि दिवसागणिक त्यांचं खाणं कमी करत नेलं होतं. चेहऱ्यावर जे दिसतं त्यातलं बरंचसं खरं आहे.

निशिगंध | १० ऑक्टोबर, सकाळी ११:००

दहा वर्षांच्या मुलीला यात घ्यायचं असेल तर? वर्गातल्या मैत्रिणी बघतात म्हणून मागे लागलीय.

दक्षिणायन | १० ऑक्टोबर, दुपारी १२:४०

निशिगंध, 'कोरलाइन' (२००९). आधी तुम्ही एकट्या बघा, मग तिच्याबरोबर. दुसऱ्या घरातली ती दुसरी आई, लाडाकोडाने जेवू घालणारी आणि डोळ्यांच्या जागी बटणं शिवलेली, मोठ्यांनाही जड जाते. बघताना मध्ये थांबवायची मुभा तिच्या हातात द्या, रिमोटसकट. मी माझ्या लेकीला तसंच बसवलं होतं. तिने दोनदा थांबवला, पाणी प्यायली आणि पूर्ण बघितला.

रातवा | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

काल दसरा. घरातलं सोनं वाटून झालं आणि रात्री 'तुंबाड' लावला. सहा वर्षांपूर्वी १२ ऑक्टोबरलाच तो प्रदर्शित झाला होता. गेल्या महिन्यात भारतात थेटरात पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला याचा मला मनापासून आनंद झाला. राही अनिल बर्वे यांनी अनेक पावसाळे थांबून खऱ्या पावसात त्याचं चित्रण केलं, आणि पडद्यावर ते कळतं. वाड्याच्या भिंती, शेवाळं, लाल लुगडी, सगळं ओलं. तो ओलावा हाडात शिरतो.

दचका ६, धास्ती ९, धसका १०, आवाज ९.

दहा कशाचे ते सांगतो. वाड्याच्या पोटात उतरणारा माणूस दर वेळी जिवंत परत येतो, आणि तरी त्याला पुन्हा जावंसं वाटतं. मला तिथल्या हस्तर या राक्षसापेक्षा त्या पुन्हा जाण्याचं भय वाटलं. इथे राहून दर वर्षी 'अजून एक वर्ष' म्हणणारे आम्ही सगळे त्या रात्री घरात बसलो होतो, सिनेमा संपल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.

माजघर | १३ ऑक्टोबर, रात्री ८:३०

'तुंबाड' मी पहिल्यांदा बघितला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्यांची कणीक भिजवत होते आणि हात थांबला. ज्यांनी बघितलाय त्यांना कळेल, त्या कणकेच्या बाहुल्या. गोळा परातीत तसाच ठेवला, हात धुतले, पाच मिनिटं ओटीवर जाऊन बसले. रोजच्या कामातली वस्तू एकदा अशी हातातून काढून घेतली की ती पूर्वीसारखी परत मिळत नाही. परदेशी सिनेमात भोपळा असतो, बाहुली असते. त्यांना ते असंच लागत असणार. मला कणीक लागली.

उंबरा | १९ ऑक्टोबर, रात्री ११:५५

मी गुणांच्या विरोधात होतो, तरी आज देतोय.

'लपाछपी' बघितला, विशाल फुरिया यांचा. २०१७ ला थेटरात आला होता तेव्हा राहिला. पुढे त्यांनीच हिंदीत 'छोरी' केला. कथा अशी : एक गरोदर बाई नवऱ्याबरोबर उसाच्या फडामधल्या एकट्या घरात राहायला येते. पुढचं सांगत नाही.

आमचं गाव निफाड तालुक्यात आहे, घराच्या तिन्ही बाजूंना ऊस. ज्यांनी उभा फड आतून बघितला नाही त्यांच्यासाठी लिहितो. दहा पावलं आत गेलं की दिशा जाते. पात अंगाला कापते. वारा नसतानाही आत सळसळ चालू असते आणि ती कुठून येते ते कळत नाही. आणि आमच्याकडे उसात बिबट्या असतो, ही गोष्टीतली बाब नाही. मादी फडातच पिल्लं घालते. संध्याकाळी मोटर चालू करायला जाताना आम्ही मोठ्याने बोलत, काठी आपटत जातो. म्हणजे सिनेमा सुरू व्हायच्या आधीच माझी धास्ती तयार होती, त्यांना ती फक्त उचलायची होती. त्यांनी ती उचलली, आणि मग कळतं की त्या घरातलं खरं भय फडातलं नाही, घरातल्या माणसांच्या विचारातलं आहे. मुलगी नको म्हणणाऱ्यांचं. ते भूत मी गावात डोळ्यांनी बघितलंय.

दचका ६, धास्ती १०, आवाज ८. धसका सकाळी.

उंबरा | २० ऑक्टोबर, सकाळी ७:५०

धसका १०. आईला फोन केला. ती म्हणाली, एवढ्या सकाळी काय झालं? काही नाही म्हटलं. तिला आम्ही दोन भाऊ, आणि मधे एक 'गेलेली' असं ती एकदाच बोलली होती. मी कधी विचारलं नव्हतं. काल रात्रीनंतर विचारायचं ठरवलंय, समोर बसून.

माजघर | २० ऑक्टोबर, सकाळी ९:३०

उंबरा, जरूर विचारा. घाई करू नका, तिच्या कलाने घ्या.

मुखडा | २६ ऑक्टोबर, रात्री ९:१०

'सायको' (१९६०) फक्त ऐकला. संपूर्ण संगीत केवळ तंतुवाद्यांचं, ना तालवाद्य ना फुंकवाद्य. हिचकॉकला न्हाणीघराचा तो प्रसंग मुळात संगीताशिवाय हवा होता. बर्नार्ड हरमनने तरीही लिहिलं, ऐकवलं, आणि हिचकॉकने मत बदललं. व्हायोलिनवर गज इतका कोरडा ओढलाय की सूर कमी आणि ओरखडा जास्त ऐकू येतो. आवाज १०. बाकीचे रकाने बघणाऱ्यांनी भरावेत.

रातवा | ३१ ऑक्टोबर, रात्री १२:२०

इथल्या पंचांगाने लक्ष्मीपूजन आजच आलं. पहाटे अभ्यंगस्नान, ऑफिस, संध्याकाळी पूजा, आणि पूजा चालू असतानाच दारावर पहिली थाप. दारात एका बाजूला रांगोळी आणि पणत्या, दुसऱ्या बाजूला लेकीने कोरलेला भोपळा, आतही दिवाच. एक पाच वर्षांचा सांगाडा पणत्यांजवळ उकिडवा बसला आणि 'हे तुम्ही कोणासाठी लावलेत?' असं विचारलं. लक्ष्मीसाठी, तिने यावं म्हणून, असं मी सांगितलं. त्याची आई म्हणाली, आमचा दिवा मात्र भुतांनी लांब राहावं म्हणून असतो. आयर्लंडमध्ये पूर्वी तो सलगमात कोरायचे, अमेरिकेत आल्यावर भोपळा मिळाला, हेही तिनेच सांगितलं. मुलांना वेष्टनातली चॉकलेटं दिली, तिला चकल्या.

दहा वाजता सगळं आवरून 'हॅलोविन' लावला. आता संपला. दचका ६, धास्ती १०, आवाज १०.

रातवा | १ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

धसका ८.

हा सिनेमा खरं तर कॅलिफोर्नियात वसंत ऋतूत, वीसेक दिवसांच्या चित्रणात केला. गळलेली पानं रंगवलेली होती, एका प्रसंगानंतर गोळा करून पुढच्या प्रसंगात पुन्हा पसरायचे. नीट बघितलं तर मागची झाडं हिरवीगार आहेत. मारेकऱ्याचा मुखवटा दुकानातून दोन डॉलरच्या आत आणलेला, 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, पांढरा रंगवून डोळ्यांची भोकं मोठी केलेला. इतक्या कमी सामानात केलेलं भय, आणि रक्त जवळजवळ नाहीच.

सकाळी अंगणातली चॉकलेटांची वेष्टनं गोळा करायला बाहेर गेलो. रस्ता रिकामा, पणत्या विझलेल्या, भोपळा एका बाजूने काळा पडलेला. शेजाऱ्यांच्या कुंपणाची झुडपं माझ्या खांद्याएवढी आहेत, नऊ वर्षं रोज बघतोय. सिनेमात तो मारेकरी असल्याच झुडपामागे दिवसाउजेडी उभा असतो आणि मग नसतो. मी वेष्टनं अर्धी सोडून त्या बाजूला जाऊन बघून आलो. मागे हिरवी कचरापेटी होती. आठ त्याचेच.

उंबरा | १ नोव्हेंबर, रात्री ८:००

दिवाळीला गावी आलोय. आईशी बोललो, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

रातवा, तुमचा नियम मी थोडा लांबवणार आहे. ऊसतोड अजून सुरू झालेली नाही, फड उभाच आहे. तोडणी होऊन शेत मोकळं झालं की 'लपाछपी' याच घरात पुन्हा बघीन, आणि धास्ती दहाची किती होते ते याच धाग्यावर लिहीन.